खाली दुखतंय म्हणजे नक्की कुठे?

गेल्या अंकात डिस्चार्ज समरी कशी वाचायची ते लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती की पुरुषांच्या नाजूक जागेच्या दुखण्याचे कागद सगळ्यात गचाळ असतात, कारण सांगणारा लाजतो आणि लिहिणारा घाईत असतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की बाकीचा लेख कुणी वाचला की नाही असं वाटायला लागलं. म्हणून यावेळी प्रश्न सगळे त्यावरचेच घेतलेत. नावं कोणाचीच छापत नाहीये. शब्द मात्र सरळ वापरणार आहे, वृषण, अंडकोषाची पिशवी, शिश्न, जांघ. संपादकांना जरा धाकधूक होती की मासिक घरात मुलं पण वाचतात, पण यातलं एक उत्तर तर मुलांनीच वाचावं असं आहे.

प्रश्न : ताई, मी वडोदऱ्यात मांजलपूरला राहते, एका बिलिंग कंपनीत नाईट शिफ्टला अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या इमर्जन्सीचं कोडिंग करते, म्हणजे कागदांवरच्या आजारांना ठरलेले कोड लावते. परवा एका चार्टवर 'लेफ्ट टेस्टिक्युलर पेन, रूल आउट टॉर्शन' (डाव्या वृषणात दुखतंय, वृषण पिळलं गेलं नाही ना बघा) असं होतं, पेशंटला तिथूनच दुसऱ्या हॉस्पिटलला पाठवलं होतं. मी टॉर्शनचा कोड लावला तर ऑडिटमध्ये एरर. टीम लीडर म्हणतो दुखण्याचा कोड लाव. पण दुखणं हा काय आजार झाला का? आणि दुसऱ्या एका चार्टवर बाजूच लिहिली नव्हती म्हणून अनस्पेसिफाइड टाकला तर त्यावरही शेरा. नक्की करायचं काय?

उत्तर : टीम लीडर बरोबर आहे, पण त्याने कारण सांगायला हवं होतं, नुसते शेरे मारून कोणी शिकत नाही.

अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे आजारांच्या कोडच्या यादीच्या, गाइडलाइनमध्ये ओपीडीसाठी नियम अगदी स्पष्ट आहे, आणि इमर्जन्सीत बघून सोडलेला किंवा पुढे पाठवलेला पेशंट ओपीडीतच धरतात. प्रोबेबल, सस्पेक्टेड, रूल आउट, कन्सिस्टंट विथ, वर्किंग डायग्नोसिस असं शंका दाखवणारं काहीही लिहिलेलं असलं की तो आजार कोड करायचा नाही, त्या भेटीत जेवढं खात्रीने माहीत आहे तेवढंच कोड करायचं. इथे खात्रीने काय माहीत आहे? डाव्या वृषणात दुखतंय. बस. म्हणजे एन५०.८१२. तू टॉर्शन लावलंस म्हणजे डॉक्टरांनी जी शंका म्हणून लिहिली होती ती तू खरी करून टाकलीस, आणि उद्या पुढच्या हॉस्पिटलात तो साधा एपिडिडिमायटिस (वृषणामागच्या नळीची सूज) निघाला तरी त्या माणसाच्या रेकॉर्डवर टॉर्शन बसलेलंच राहणार. शिवाय पैसे देणारी कंपनी विचारणार, टॉर्शन होतं तर ऑपरेशन कुठेय?

हाच पेशंट अॅडमिट होऊन, त्याचं सगळं होऊन डिस्चार्जच्या वेळी सुद्धा डॉक्टरांनी 'प्रोबेबल' लिहिलं असतं तर हॉस्पिटलच्या इनपेशंट कोडिंगमध्ये तो आजार आहे असं धरून कोड लागला असता. नियम उलटा आहे, आणि ओपीडीचं इनपेशंटला लावायचं नि इनपेशंटचं ओपीडीला हा घोळ नवीन लोकांचा कायमचा असतो. चार्ट उघडला की आधी बघायचं हा कुठल्या दारातून आलाय, मग पुढचं.

आणि दुखणं हा आजार आहे का, तर पक्कं निदान झालेलं नसेल तेव्हा लक्षण कोड करणं पूर्ण कायदेशीर आहे, त्यात कमीपणा काही नाही. निदान झालं की मात्र लक्षण वेगळं लावायचं नाही. म्हणजे तू कोड करायला बसलीस तोपर्यंत डॉप्लरचा (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) रिपोर्ट रेडिओलॉजिस्टने वाचून आलेला आहे आणि त्यात एपिडिडिमायटिस पक्का केलाय, तर एन४५.१ लाव, सोबत दुखण्याचा कोड जोडू नकोस, एपिडिडिमायटिसमध्ये दुखणारच.

आता बाजूचं. १ ऑक्टोबर २०१६ च्या आधी हे सगळं एन५०.८ च्या एकाच पोत्यात जायचं, आणि बऱ्याच ठिकाणी ट्रेनिंगमध्ये अजून तेव्हाच्या चिट्ठ्या फिरतात, त्या फेकून दे. आता उजव्या वृषणाला एन५०.८११, डाव्याला ८१२, बाजू कळतच नसेल तर ८१९. दोन्हीकडे दुखत असेल तर दोन्हीचा मिळून असा कोड नाहीये, ८११ आणि ८१२ दोन्ही लावायचे, ८१९ नाही. पिशवीचं दुखणं वेगळं, एन५०.८२, त्याला बाजू नसते. शिश्नाच्या दुखण्याला स्वतःचा कोडच नाही, तो एन४८.८९ मध्ये बाकीच्यांबरोबर बसतो. वीर्य बाहेर पडताना दुखत असेल तर एन५३.१२. जांघेत म्हटलं की गाडी पोटाच्या खालच्या भागाकडे वळते, आर१०.३ कडे, आणि वृषण नि गुदद्वार यांच्या मधल्या जागेला, पेरिनियमला, आर१०.२, तोसुद्धा २०२५ च्या ऑक्टोबरपासून एकटा चालत नाही, पुढे बाजूचा आकडा लागतो. एवढीशी जागा पण कोड बघ किती, आणि चार्टवर काय असतं, 'ग्रॉइन पेन'. पेशंटने लाजून जांघ म्हटलं, नर्सने तेच लिहिलं, डॉक्टरांनी तपासताना वृषण धरलं, आणि तुझ्यापर्यंत तिघांचं तीन आलं. अशा वेळी तपासणीच्या नोटमध्ये बघ, पहिल्या तक्रारीच्या ओळीवर जाऊ नकोस.

तुझ्या त्या बाजू नसलेल्या चार्टवर शेरा का आला ते मला अंदाजाने कळतंय. डॉक्टरांनी लिहिलं नसेल पण ट्रायाजच्या, म्हणजे आल्याआल्या पेशंट बघणाऱ्या, नर्सने लिहिलेलं असेल. निदान डॉक्टरांचंच लागतं, पण बाजू त्या पेशंटला बघणाऱ्या दुसऱ्या क्लिनिशियनच्या नोटवरून घेता येते असं गाइडलाइनच म्हणते. दोन नोटा एकमेकींना काटत असतील तर डॉक्टरांना विचारायचं, आणि विचारताना 'हे डावं होतं ना' असं विचारायचं नाही. 'कोणत्या बाजूला होतं ते कृपया नोंदवा' एवढंच. उत्तर आपण त्यांच्या तोंडात घालायचं नसतं.

एक गंमत राहिली. मार लागून दुखत असेल तर हे एन वाले कोड सोडून एस३०.२२ मध्ये जायचं, मुका मार असेल तर, आणि कशाने लागलं त्याचा वेगळा कोड. त्यांच्याकडे बेसबॉलचा आहे, सॉफ्टबॉलचा आहे, गोल्फच्या चेंडूचा सुद्धा आहे. आपला क्रिकेटचा चेंडू 'इतर' मध्ये. इतक्या पोरांनी गार्डशिवाय खेळून सुद्धा!

प्रश्न : ताईंना नमस्कार. दांडिया बाजारात राहतो. माझ्या १४ वर्षांच्या मुलाला रात्री पोटात दुखायला लागलं, उलट्या झाल्या, बाहेरचं खाल्लं होतं म्हणून आम्ही ओवा दिला. पहाटे त्याने आईला नाही, आजोबांना सांगितलं की खाली दुखतंय. हॉस्पिटलात नेलं, तातडीने ऑपरेशन झालं, अंड वाचलं. आता इन्शुरन्सचा क्लेम नामंजूर, म्हणे हायड्रोसीलला (पिशवीत पाणी साठणं) दोन वर्षांचा वेटिंग पिरियड आहे आणि पॉलिसी एकच वर्ष जुनी. मुलाला हायड्रोसील नव्हतंच असं सर्जन तोंडी सांगतात. कागदावर काय आहे ते झेरॉक्स जोडलंय.

उत्तर : तुमचे झेरॉक्स नीट वाचले. आधी मुलाबद्दल. आजोबांना सांगितलं हे फार मोठं काम केलं त्याने. वृषण स्वतःभोवती पिळलं गेलं की रक्त बंद होतं, साधारण सहा तासांच्या आत सोडवलं तर बहुतेक वेळा वाचतं, आणि दिवस उलटला की वाचण्याची आशा जवळजवळ संपते. हे सगळ्यात जास्त होतं १२ ते १८ या वयात, म्हणजे नेमकं ज्या वयात पोरगं मरेल पण सांगणार नाही. पुष्कळदा सुरुवात पोटात दुखून आणि उलटीनेच होते. म्हणून वाचणाऱ्या सगळ्या आयांना सांगते, मुलगा पोट धरून बसला आणि उलटी झाली तर ओवा द्या पण एकदा सरळ विचारा, खाली दुखतंय का, आणि हो म्हणाला तर सकाळची वाट बघू नका, फॅमिली डॉक्टर पण नको, थेट सर्जन असेल तिथे.

आता कागद. इमर्जन्सीच्या पहिल्या चिठ्ठीवर ड्युटी डॉक्टरांनी लिहिलंय 'स्क्रोटल स्वेलिंग, हायड्रोसील' आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, टेबलापर्यंत पोचलेलं नाही. डॉप्लरच्या रिपोर्टमध्ये स्वच्छ आहे की डाव्या वृषणात रक्तप्रवाह दिसत नाही. आणि डिस्चार्ज समरीत, जिथे अंतिम निदान हवं, तिथे आहे 'अक्यूट स्क्रोटम, एक्सप्लोरेशन डन' (उघडून बघितलं). अहो अक्यूट स्क्रोटम म्हणजे पिशवीत अचानक दुखणं, हे निदान नाही, ही तक्रार आहे! ज्या कागदावर सर्जनने 'लेफ्ट टेस्टिक्युलर टॉर्शन' एवढे तीन शब्द लिहायचे होते तिथेच ते नाहीत, मग क्लेम बघणाऱ्या माणसाने अख्ख्या फाइलमध्ये आजाराचं एकच नाव शोधलं आणि त्याला मिळालं हायड्रोसील. क्लेम फॉर्मचा भाग ब हॉस्पिटल भरतं, त्यात आयसीडी-१० चा कोड लिहायची जागा असते, तिथे तुमच्याकडे एन४३ आहे. एन४३ म्हणजे हायड्रोसील आणि एन४४ म्हणजे टॉर्शन. शेजारची घरं, पण एकाला बऱ्याच पॉलिसीत वेटिंग आहे, हर्निया, मुतखडा, मूळव्याध यांच्याबरोबर त्या ठराविक यादीत, आणि दुसरं त्या यादीत नसतं.

तुम्ही हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या, तोंडी नको, आणि पोच घ्या. ऑपरेशनची नोट मागा, तिच्यात किती वेळा पिळलं होतं, सोडवल्यावर रंग परत आला का, हे सगळं लिहिलेलं असतं, तोच तुमचा खरा पुरावा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने रेकॉर्ड मागितलं की डॉक्टरांना ते ७२ तासांत द्यावं लागतं. सोबत सर्जनकडून डिस्चार्ज समरीची पुरवणी मागा, अंतिम निदान, बाजू, आणि पहिल्या चिठ्ठीतली हायड्रोसीलची शंका तपासणीत नाकारली गेली असं एक वाक्य. पुरवणी म्हणजे वेगळी नोंद, आजची तारीख, आजची सही. जुनी समरी फाडून मागच्या तारखेने नवीन करून देतो असं कोणी म्हणालं तर अजिबात घेऊ नका, चांगल्या मनाने म्हणाले असतील तरी. टीपीएकडे पहिली प्रत गेलेली आहे, दोन वेगळ्या समऱ्या एकाच तारखेच्या सापडल्या की खरा क्लेम सुद्धा खोटा दिसतो. भाग ब चा कोडही हॉस्पिटलनेच दुरुस्त करून पत्राने कळवायचा.

दोन गोष्टींवर ते परत अडवू शकतात, आत्ताच तयारी ठेवा. एक, दुसऱ्या बाजूचं वृषण पण टाके घालून बसवलंय, तर म्हणतील ते तर चांगलं होतं, त्याचे पैसे का. टॉर्शनच्या ऑपरेशनमध्ये दुसरी बाजू पण बसवणं ही नेहमीची पद्धत आहे, कारण तिकडे पण तसंच व्हायचा धोका असतो, हे सर्जनकडून एका ओळीत लिहून घ्या. दुसरं, ऑपरेशनच्या नोटमध्ये 'बेल क्लॅपर' असा शब्द असेल तर ती वृषण पिशवीत सैल लोंबकळण्याची जन्मजात ठेवण असते आणि जन्मजात दोषांना पण वेटिंगचं कलम असतं. तो शब्द काढा असं सर्जनला सांगू नका. उपचार त्या ठेवणीवर झालेला नाही, अचानक पिळलेल्या वृषणावर झालाय, असं उत्तर द्या.

नामंजुरीचं पत्र आलंय त्यात पॉलिसीचं नेमकं कलम आहे का बघा, ते द्यावंच लागतं. २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा नियामक) मास्टर सर्क्युलरप्रमाणे क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते, तेव्हा ती होती का हे तक्रारीत विचारा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर अहमदाबादला विमा लोकपाल आहेत, एक वर्षाच्या आत जायचं, फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद बघतात. तुमचा तिथपर्यंत जाईल असं मला वाटत नाही, डॉप्लरचा रिपोर्ट फार स्वच्छ आहे.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. झाली, आता मेडिकल कोडिंगचा कोर्स करते. परवा तिच्या वहीत बघितलं तर पानभर पुरुषांच्या त्या भागाचे आजार आणि आकडे. तिच्या बाबांनी बघितलं असतं तर? हे मुलींनी करण्यासारखं काम आहे का? (कारेलीबाग)

उत्तर : वहिनी, वहीत फक्त त्याच भागाचं पान दिसलं म्हणून तुम्हाला असं वाटलं, पुढचं पान उघडलं असतं तर मूळव्याध असती. कोडिंगमध्ये डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत सगळं येतं. पुढे सीपीसीची, म्हणजे कोडरच्या प्रमाणपत्राची, परीक्षा देणार असेल तर १०० प्रश्न, चार तास, ७० टक्के लागतात, त्यात शरीराचा हा भाग सोडून द्यायची सोय नाही. बाबांना काय वाटेल याची काळजी तिच्यावर सोडा. विचारायचंच असेल तर कंपनी रात्री घरी सोडायला गाडी देते का ते विचारा, तो खरा प्रश्न आहे.

प्रश्न : रावपुऱ्यात माझा दवाखाना आहे, जनरल प्रॅक्टिस. एका पेशंटला तीन-चार मिनिटं मिळतात. तुम्ही म्हणता लिहा लिहा, किती लिहायचं? अर्धे पेशंट गुजरातीत 'पेढूमां दुखे छे' (ओटीपोटात दुखतंय) म्हणतात आणि बोट भलतीकडे दाखवतात, काही जण धात जाते (लघवीवाटे वीर्य जातं) म्हणतात, सगळ्यांचं काय लिहीत बसायचं?

उत्तर : डॉक्टर, सगळं नका लिहू. पण सध्या तुमच्यासारख्या केस पेपरवर काय असतं, 'पेन लोअर अॅब्डोमेन, एनएडी', आणि खाली गोळ्या. एनएडी म्हणजे काही सापडलं नाही, ठीक, पण काय तपासलं आणि सापडलं नाही? कपडे काढून बघितलं का वरून पोट दाबलं? कोर्टात, क्लेममध्ये किंवा नुसतं पुढच्या सर्जनच्या टेबलावर, जे लिहिलं नाही ते केलं नाही असंच धरतात.

माझं मागणं एका ओळीचं आहे. जागा, बाजू, कधीपासून, अचानक की हळूहळू. मग तपासणीत दोन-तीन नकार: वृषण वर चढलेलं नाही, मांडीच्या आतून घासल्यावर वृषण वर ओढलं जातंय, खोकल्यावर जांघेत फुगवटा नाही. अचानक आलेलं दुखणं असेल तर किती वाजता सुरू झालं ते तासात लिहा, 'कालपासून' नको, पुढच्या सर्जनला सगळ्यात आधी तेच हवं असतं. आणि बाजू पूर्ण शब्दात लिहा, डावं उजवं, मराठीत लिहिलंत तरी चालेल, कारण तुमच्या अक्षरातला 'एलटी' आणि 'आरटी' माझ्या अनुभवी डोळ्यांना पण सारखा दिसतो, रागावू नका. पेढू म्हणणाऱ्याला बोट ठेवायला सांगा आणि बोट कुठे ठेवलं ते लिहा, तो काय म्हणाला ते अवतरणात. दोन्ही वेगळं असेल तर तसंच राहू दे.

शंका असेल तर शंका म्हणून लिहा, पण तपासणी झाल्यावर त्या शंकेचं काय झालं तेही लिहा. वरच्या दांडिया बाजारच्या गृहस्थांचं काय झालं ते वाचलंतच. आणि एक सवय बऱ्याच दवाखान्यांत बघते, खाली कुठेही दुखलं आणि वय ४० च्या वर असलं की 'प्रोस्टॅटायटिस', म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची सूज. लघवीची तपासणी नाही, प्रोस्टेट बघितलेली नाही, आणि पेशंट आयुष्यभर सांगत फिरतो मला प्रोस्टेटचा त्रास आहे. तिथे सरळ 'पेरिनियममध्ये दुखणं, कारण ठरलेलं नाही' लिहा ना. कारण ठरलेलं नाही हे लिहिणारा डॉक्टर मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

धात जाते म्हणणाऱ्यांचं हसण्यावारी नेऊ नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये धात सिंड्रोम नावानिशी आहे, एफ४८.८ खाली. पण तो शिक्का आधी मारायचा नाही. धात जाते म्हणणाऱ्याला खरोखर लघवीचं इन्फेक्शन पण असू शकतं, आधी ते बघून नाकारायचं, मग. तसंच महिनोन्महिने गाठाळ, न दुखणारा किंवा थोडासाच दुखणारा एपिडिडिमिस हाताला लागला आणि अँटिबायोटिकने हलत नसेल तर आपल्या देशात टीबी डोक्यात ठेवायलाच हवा. ठरला तर कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, प्रायव्हेट असलात तरी, २०१२ पासून.

मारामारीत लाथ बसली म्हणून आला असेल तर वेळ, कोणी कशाने मारलं असं तो सांगतो, आणि सूज, रंग, जखम यांची मापं, आणि मेडिको-लीगल नोंद. 'नको साहेब, घरातलंच आहे' म्हणाला तरी जे दिसलं ते लिहून ठेवा. तो सहा महिन्यांनी कागद मागायला येतो, बघा.

प्रश्न : आमच्या कोडिंग टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असल्या चार्टचे स्क्रीनशॉट फिरतात, नाव कापलेलं असतं, लोक हसतात. मला आवडत नाही पण बोललो तर मी शहाणा ठरतो.

उत्तर : नाव कापून भागत नाही. तारीख, वय, गाव, डॉक्टरांचं नाव, त्या माणसाने काय सांगितलं, एवढ्यावरून ओळखणारे ओळखतात. अमेरिकेच्या पेशंटची माहिती गुप्त ठेवायच्या १९९६ च्या हिपा कायद्याखाली येणारा डेटा आहे तो आणि तुम्ही सगळ्यांनी जॉइन होताना त्यावर सही केलेली आहे, पकडलं गेलं की नोकरी जाते आणि कंपनीचा क्लायंट पण. ग्रुपवर भाषण देऊ नका, बाहेर पडा आणि कम्प्लायन्सला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाला, कळवा. शहाणे ठरलात तर ठरू द्या.

प्रश्न : वय ४३, निझामपुरा. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत काम, रोज बाइक. पाच महिने झाले उजव्या बाजूला आत खोल ठणकतं, कधी दिवसभर, कधी आठवडाभर काहीच नाही. दोनदा सोनोग्राफी झाली, दोन्ही नॉर्मल, फक्त एकीवर 'लेफ्ट' छापलंय. कागदावर 'राइट ऑर्काल्जिया' लिहून डॉक्टर म्हणाले काही नाहीये. मित्र म्हणतो डोक्यातलं आहे. बायकोला सांगितलेलं नाही, मुलं झाल्यावर माझं ऑपरेशन झालंय, तिला वाटेल त्यामुळेच.

उत्तर : ऑर्काल्जिया म्हणजे वृषणाचं दुखणं, एवढंच, तुम्ही सांगितलंत ते डॉक्टरांनी ग्रीकमध्ये लिहून परत दिलं. त्याचा अर्थ काही नाहीये असा होत नाही आणि डोक्यातलं असा तर मुळीच नाही. तीन महिन्यांच्या वर गेलं की त्याला जुनाट धरतात, आणि बऱ्याच जणांत नीट शोधूनही कारण सापडत नाही, म्हणूनच तर या दुखण्याला स्वतःचे कोड आहेत.

पण तुमचं नीट शोधून झालेलं आहे असं मला कागदांवरून वाटत नाही. नसबंदीचा उल्लेख एकाही केस पेपरवर नाही. तो तुम्ही सांगितला नाहीत की त्यांनी विचारला नाही माहीत नाही, पण नसबंदीनंतर काही पुरुषांना वर्षांनी सुद्धा असं दुखतं, ते डॉक्टरांना माहीत असायलाच पाहिजे. तुम्हाला उभं करून, खोकायला लावून हर्निया बघितलाय का? मूत्रनलिकेच्या अगदी खालच्या टोकाला अडकलेला खडा वृषणात दुखतो आणि वृषण तपासलं तर अगदी ठणठणीत असतं, मग लघवीची साधी तपासणी आणि किडनीकडची सोनोग्राफी झाली का? पाठीतून येणाऱ्या नसा पण तिथे दुखवतात, आणि तुम्ही रोज मकरपुऱ्यापर्यंत बाइकवर जाता.

जनरल डॉक्टरांकडे परत न जाता युरोलॉजिस्टकडे जा. ते कधीकधी वृषणाच्या दोरीत (वृषणाकडे जाणाऱ्या नसा नि रक्तवाहिन्यांची जुडी) सुन्न करायचं इंजेक्शन देऊन बघतात, त्याने दुखणं तात्पुरतं गेलं तर कळतं की उगम तिथलाच आहे, आणि गोळ्यांनी भागत नसेल तर त्या दोरीतल्या बारीक नसा तोडायचं ऑपरेशन पण असतं. ते फार पुढचं झालं. मधल्या काळात कधी दुखलं, किती वेळ, गाडी चालवल्यावर का, संबंधानंतर का, जड उचलल्यावर का, हे मोबाईलवर तारखेनिशी लिहून ठेवा. अचानक जोरात दुखलं, ताप आला, किंवा हाताला टणक गाठ लागली, ती दुखत नसली तरी, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

बायकोला सांगा. तिला नसबंदीमुळे वाटेल तर वाटू दे, कदाचित असेलही.

आणि ती 'लेफ्ट' छापलेली सोनोग्राफी घेऊन आधी त्या सेंटरला जा. दोन शक्यता आहेत, टायपिंगची चूक असेल, किंवा त्यांनी खरंच डावीच बाजू बघितली असेल. चूक असेल तर सही-तारखेनिशी दुरुस्त रिपोर्ट घ्या, डावीच बघितली असेल तर उजवीची परत करून मागा, आणि युरोलॉजिस्टकडे त्यानंतरच.